काशीराम मिस्त्रीचे कान

पोलादपूरच्या बौद्धवाडीत, हायवेच्या अगदी कडेला, काशीराम मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणायचं आपलं. खरं तर ते घरापुढचं अंगण. फणसाच्या फांदीला साखळी-पुली टांगलेली, खाली तेलाने काळी पडलेली माती, आणि पडवीत पान्हे, नोझल, जुनी गॅस्केटं यांचा पसारा. बोर्ड नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. एका अंगाला कशेडीचा घाट, दुसऱ्या अंगाला आंबेनळीचा. दोन्ही घाट म्हाताऱ्या गाड्यांचे वैरी आणि काशीरामचे अन्नदाते. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेल्या जीपा, माल आणि माणसं एकत्रच कोंबणाऱ्या मेटॅडोर, क्वचित एखादी डिझेल अँबॅसिडर, असं सगळं धापा टाकत त्याच्या दारी येऊन थांबायचं.

मिस्त्रीची एक ख्याती होती, की तो फार भाव खातो. विचारलेल्याला उत्तर देत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. लोक म्हणत, मुंबईचं पाणी प्यालेला माणूस, थोडा माज असायचाच. लोकांचं हे एक बरं असतं. कारणही स्वतःच शोधतात आणि समजूतही स्वतःच घालून घेतात. खरी गोष्ट अशी होती की काशीरामला ऐकू येत नव्हतं, आणि ती त्याच्या बायकोखेरीज, मंजुळाखेरीज, कुणालाच ठाऊक नव्हती.

तरुणपणी तो शिवडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गॅरेजात होता. तिथे दुरुस्त केलेलं इंजिन सायलेन्सर न लावताच चालवून बघत, पत्र्याच्या बंद शेडमध्ये, आणि काशीराम डोकं आत घालून उभा. अशी बरीच वर्षं गेली आणि ती जाताना कानही घेऊन गेली. मालकाच्या लक्षात आलं तेव्हा त्याने सरळ गावची वाट दाखवली. काशीराम परत आला तो एकच धडा घेऊन: मिस्त्री बहिरा आहे हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकांनी नवऱ्याला 'अवो, ऐकलंत का' अशी हाक मारायची आपल्याकडे रीत आहे. मंजुळाने ती केव्हाच सोडून दिली होती. ती सरळ जाऊन त्याची बाही ओढायची.

तसं काम त्याचं अडत नसे. डिझेल गाडीचा निम्मा आजार धुरातच दिसतो. काळा धूर असेल तर नोझल नाहीतर हवेचा फिल्टर, निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय, पांढऱ्या वाफा थांबत नसतील तर हेडची गॅस्केट. गाडी मिसिंग करत असली, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसला, की तो एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला करायचा आणि दुसरा तळहात इंजिनावर ठेवायचा. जो नट सोडून इंजिनाच्या थरथरीत फरक पडला नाही, तो सिलिंडर मेलेला. हवा पकडलेली डिझेलची लाइन तर तो डोळे मिटून मोकळी करी. पण एका जागी त्याचं घोडं पेंड खायचं. इंजिनातून ठोका येतोय, तो वरच्या टॅपेटचा की खालच्या बेरिंगचा? टॅपेटचा आवाज म्हणजे सर्दी, आठ दिवस अंगावर काढता येते. बेरिंगचा आवाज म्हणजे काळाची हाक. बेरिंग गेलेलं इंजिन चालता चालता कधी जागीच आवळून धरेल याचा नेम नाही, आणि हा फरक सांगायला कानच लागतो.

तो कान मंजुळाने दिला. एकदा त्याने सळईचं एक टोक इंजिनाला लावून दुसरं तिच्या कानापाशी धरलं आणि म्हणाला, "काय वाजतंय ता सांग." ती म्हणाली, "बांगड्या वाजल्यागत हाय." तो टॅपेट. पुढे एका जीपमध्ये तिला दुसरा आवाज भेटला, बंद दाराला आतून कुणी बुक्की मारावी तसा, खोल, आणि रेस सोडली की जास्त. तिने सांगितलं, काशीरामने इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उघडला, तर बेरिंगचा पत्रा सोललेला. त्या दिवशी तो तिच्याकडे जसा बघत राहिला तसा लग्नातही बघितला नव्हता.

मग दोघांनी रीत बसवली. बाईचा हात इंजिनाला लागला की गाडी घात करते, असं घाटातले ड्रायव्हर मानत. अंगणात पडलेला पान्हा बाईने ओलांडला तरी त्यांच्या कपाळाला आठी. म्हणून काशीराम मालकालाच स्टिअरिंगवर बसवायचा, बॉनेट उघडायचा आणि ओरडायचा, "रेस द्या!" उघड्या बॉनेटमागे मालकाला काही दिसत नसे. तेवढ्यात मंजुळा चुलीपुढून उठून यायची, सळई कानाला लावायची, आणि जाताना काशीरामच्या पाठीवर खूण करून जायची. एक बोट टेकलं तर टॅपेट, सगळा तळहात टेकला तर बेरिंग. मेटॅडोरचं मात्र अवघड होतं. तिचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, झाकणाखाली, त्यामुळे आडोसाच नाही. मेटॅडोर आली की काशीराम मालकाला स्टँडवर चहाला पिटाळायचा. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं. मंजुळाला आपल्या कानांचा अभिमान होता, आणि तो कुणापाशी मिरवता येत नाही याची खंतही होती. नदीवर जोडीने धुणं धुणाऱ्या रंगूबाईलाही तिने हे कधी सांगितलं नव्हतं, आणि रंगूबाईपासून लपवलेली ती तिची एकुलती एक गोष्ट असावी.

रंगूबाई विधवा. तिला एक मुलगा, मोरू. तो महाडच्या जुल्फिकार शेटच्या मेटॅडोरवर ड्रायव्हर होता. शेटचा भाऊ आखातात, आणि इकडे शेटच्या तीन मेटॅडोर महाड ते चिपळूण माल वाहायच्या. एमआयडीसीत नुकत्याच कंपन्या येऊ लागल्या होत्या, धंदा वाढत होता, आणि शेटला तिन्ही गाड्या एका हाताखाली द्यायच्या होत्या. मोरूने काशीरामकाकाचं नाव सुचवलं. शेट म्हणाला, माणूस बघून ठरवतो. काशीरामच्या घरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. बाराही महिने काम, तेही आपल्या अंगणात. पुन्हा कुणा मालकाच्या शेडमध्ये कान तपासून घ्यायला नको.

भाद्रपदातल्या एका सकाळी मोरूची मेटॅडोर अंगणात वळली. मागे किराणा माल गच्च भरलेला आणि पुढे मोरूच्या शेजारी खुद्द जुल्फिकार शेट.

"काका, चढाला कायतरी ठोकतंय," मोरू म्हणाला. "कालपासून."

काशीरामने त्याच्या ओठांवरून ते टिपलं आणि ठरलेलं वाक्य टाकलं. "तुमी स्टँडवर चहा घेऊन या. तवर मी बघतो."

"चहा वहिनींच्या हातचा घेऊ की," शेट हसून म्हणाला. "मी तर तुमचं काम बघायला आलोय, मिस्त्री. तुमचा कान नावाजलेला आहे म्हणतात." आणि तो सीटवरून हललाच नाही.

आता काय करणार? काशीरामने इंजिनाचं झाकण उचललं, मोरूला रेस द्यायला सांगितली, सळई लावली, कान टेकवला, डोळे बारीक केले. नाटकात त्याने कुठे कसर ठेवली नाही. मंजुळा चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. मोरूने रेस सोडली आणि तिथे, इतक्या लांब, सळईवाचून तिला तो आवाज आला. आतून बुक्की. पुन्हा बुक्की.

"टॅपेट हाय," काशीराम म्हणाला.

मंजुळा पुढे झाली. शेटला कप दिला, मोरूला दिला, आणि वळताना नवऱ्याच्या पाठीवर तळहात ठेवला. सगळा. दाबून. त्याची पाठ एकदम ताठ झाली. म्हणजे त्याला कळलं होतं. तिने वाट बघितली. तो बोलेल, थांब जरा, पुन्हा बघतो म्हणेल. पण शेट मान डोलवत होता, त्याला उत्तर पसंत पडलं होतं. तोंडातून गेलेला शब्द अशा वेळी गिळायचा कसा? गिळला तर मिस्त्री धड ऐकत नाही हे पहिल्याच दिवशी शेटच्या लक्षात यायचं.

"टॅपेटच," काशीराम पुन्हा म्हणाला. मग मोरूकडे न बघता, "हळू ने. माल उतरून सांजच्याला हिकडंच आण. सेटिंग करतो."

मंजुळाच्या ओठांवर आलं होतं. नुसतं म्हणायचं होतं, मोरू, जाऊ नको रे. पण कशाच्या आधारावर म्हणणार? चुलीपुढच्या बाईला बेरिंग काय कळतं, असं शेटने विचारलं असतं, आणि त्याचं खरं उत्तर देऊन टाकलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. एक दिवसाचा तर प्रश्न, तिने मनाशी म्हटलं. संध्याकाळी येईल तेव्हा उघडून बघू. बेरिंग एवढी काय लगेच जात नाही.

"काकी, साखर जास्त घातलीस आज," मोरू रिकामा कप देत म्हणाला.

"हळू जा रे," ती म्हणाली. घाट चढणाऱ्याला सगळेच तसं म्हणतात.

शेट मागे राहिला. पडवीत बसून तिन्ही गाड्यांचं बोलणं झालं, शब्द दिला गेला, आणि तो एसटीने महाडला परतला. तो गेल्यावर काशीराम बायकोच्या नजरेला नजर देईना, पण चेहऱ्यावरचा आनंदही त्याला लपवता येईना. खरं सांगायचं तर तिलाही लपवता येत नव्हता. तिने रवा भाजायला घेतला. शिरा अजून चुलीवर होता तेव्हा चिपळूणकडून आलेल्या एका ट्रकवाल्याने हायवेवर गाडी थांबवून सांगितलं, कशेडी उतरताना जुल्फिकार शेटची मेटॅडोर दरीत गेली.

ज्यांनी पाहिलं ते सांगत होते, उतारावर गाडीची मागची चाकं अचानक धरली, ओल्या वळणावर ती आडवी झाली आणि गेली. सांगणारे एवढं सांगून थांबले असते तर बरं होतं. पण मोरूजवळ एक क्वार्टरची बाटली सापडली. त्या बाटलीत ब्रेक ऑइल होतं. सगळेच ड्रायव्हर तसं ठेवतात, आणि ही बाटली तर काशीरामनेच भरून दिली होती. पण बाटली फुटलेली, ऑइल मातीत गेलेलं, आणि लोकांची तर उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरगं सकाळी सकाळीच ढोसून निघालं होतं, असं ठरलं. पंचनाम्यात ड्रायव्हरचा ताबा सुटला असं आलं. इंजिन खाली ओढ्यात पडलं होतं. ते वर आणून कोण उघडून बघणार?

मातीला माणसं आली तीही कुजबुजतच. रंगूबाईने ते ऐकलं. पोरगा गेल्याच्या दुःखाला निदान रडता येतं. या दुसऱ्या दुःखाला ती भांडत सुटली. वाडीत, स्टँडवर, पिठाच्या गिरणीत, जो भेटेल त्याला सांगायची, "माजा मोरू प्यायचा नाय." लोक मान डोलवायचे आणि ती पुढे गेली की एकमेकांकडे बघायचे. एकदा नदीवर तिने मंजुळाचा हात धरला.

"तू तरी सांग गो लोकांना. त्या दिवशी तुज्याच दारातून गेला ना? वास आला होता का त्याला?"

"नाय गो," मंजुळा म्हणाली. ती कपडे आपटत राहिली.

तिकडे शेटच्या उरलेल्या दोन्ही मेटॅडोर अंगणात येऊ लागल्या होत्या. शेटने शब्द पाळला होता. घरात धान्य येत होतं आणि मंजुळा ताट तसंच सारून उठत होती. बहिऱ्या माणसाशी कुजबुजून भांडता येत नाही, म्हणून तिने काशीरामला वाडीपासून लांब, सावित्रीच्या काठी नेलं, जिथे पाण्याचाच आवाज मोठा होता, आणि तिथे ती त्याच्यावर ओरडली.

"आपण मारला त्याला! वर दारुडा म्हणून नाव घालवला!"

"मी हळू ने म्हटला होता."

"बेरिंग हाय असा नाय म्हटला!"

"सांगून मोरू परत येनार हाय काय?" काशीरामचे डोळे भरले होते. "कळला तर कोन गाडी आणील माज्याकडं? मी दुसरा काय करू शकतो, सांग. काय करू?"

तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. ती घरी आली आणि कामाला लागली. एक विचार मात्र तिला चुलीपाशी, अंथरुणात, कुठेच सोडत नव्हता: त्या सीटवर माझ्या पोटचा पोर असता, तर मी शेटला बघून गप्प बसले असते का? नसते बसले. गाडीपुढे आडवी पडले असते.

मोरूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याच्या नावाने वंदना घ्यायला, रंगूबाईच्या घरात सगळी वाडी जमली. तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि मोरूचा जुना फोटो हार घालून टेकवला होता. जुल्फिकार शेट महाडहून आला होता. त्याला दाराजवळ खुर्ची दिली होती. काशीराम पुढे, मेणबत्त्यांकडे तोंड करून, हात जोडून बसला होता. मंजुळा बायकांत, रंगूबाईच्या खांद्याला खांदा लावून. बौद्धाचार्यांनी त्रिशरण घेतलं, मग पंचशील. एकेक शील ते म्हणायचे आणि मागून सगळे. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. मंजुळाचे ओठ उघडले आणि आवाज फुटेना. पाचवं आलं, दारूपासून दूर राहण्याचं. ते म्हणता म्हणता पुरुषांतल्या दोघांनी मोरूच्या फोटोकडे बघितलं, मग एकमेकांकडे, आणि एकाच्या मिशीत हसू हललं. रंगूबाईने ते पाहिलं. तिची मान छातीत गेली.

मंजुळा उठून उभी राहिली.

"मोरू प्यायला नव्हता," ती म्हणाली. "गाडीची बेरिंग गेली होती. इंजिनानं धरला म्हणून चाकं धरली. मला त्या सकाळीच ऐकू आली होती."

सगळीकडे चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, "खाली बस गो, डोकं फिरलं काय?" दुसरा म्हणाला, "बाईला काय कळतंय बेरिंगमधला?"

"मलाच कळतं," मंजुळा म्हणाली. "इतकी वर्षं मीच ऐकते. यांना ऐकू येत नाय."

जुल्फिकार शेट खुर्चीवरून उठला. "मिस्त्री," तो म्हणाला, "वहिनी काय म्हणतायत? खरं आहे?"

काशीराम मेणबत्त्यांकडे बघत होता.

"काशीराम!" शेट मोठ्याने म्हणाला. एक तान्हं मूल दचकून रडू लागलं. काशीरामची पाठ हलली नाही. तो हात जोडून तसाच बसून राहिला, पुढचं गाथापठण कधी सुरू होतं याची वाट बघत. शेजारच्याने त्याच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा तो वळला, आणि सगळं घर आपल्याकडे बघतंय हे त्याला दिसलं. मग मंजुळा उभी दिसली. काय झालं ते त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. शेट पुन्हा खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांत तोंड झाकलं.

रंगूबाई उठली. आधी ती पुरुषांकडे वळली, त्या हसऱ्या मिशीकडे.

"ऐकला ना सगळ्यांनी?" ती म्हणाली. "माजा मोरू प्यायला नव्हता. आता ज्यानं त्यानं आपापल्या घरी जाऊन सांगा."

मग ती मंजुळाकडे वळली. ती रागाने बोलेल, मारायला धावेल, असं मंजुळाला वाटलं, आणि तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण रंगूबाईने पदराचा बोळा तोंडाला लावला आणि त्याच्याआडून, अगदी हळू, एकच वाक्य म्हणाली. म्हणाली आणि फोटोसमोर जाऊन पाठमोरी बसली.

मंजुळाने काशीरामचा हात धरून त्याला उठवलं. माणसं बाजूला झाली. ओटा उतरून दोघं अंगणात आली, तिथेही माणसं होती. रंगूबाईच्या तोंडावर पदर होता, काशीरामला तिचे ओठ दिसले नव्हते. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा निघतो ते कळत नाही.

"काय म्हणाली गो ती?" त्याने विचारलं.

मंजुळाने हळूच सांगितलं. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, पण ती रडत होती, आणि तिच्या ओठांवरून काहीच कळत नव्हतं. त्याने सगळ्यांच्या देखत कानामागे हात धरला.

"काय?"

"परत माज्या दारात पाय ठेवू नका म्हणाली!" मंजुळा मोठ्याने म्हणाली. हायवेच्या पलीकडेही ते ऐकू गेलं असेल.

"कुनाला?"

"आपल्याला," ती ओरडली. "आपल्याला दोघांना!"